सेक्शन ८ व्हाउचर: अर्जापासून घराच्या किल्लीपर्यंत

अमेरिकेत ज्याला सगळे नुसतेच ‘सेक्शन ८’ म्हणतात, त्याचे सरकारी नाव हाउसिंग चॉइस व्हाउचर. १९३७ च्या गृहनिर्माण कायद्याचे हे आठवे कलम १९७४ साली नव्याने लिहिले गेले, तिथून ही वाट सुरू झाली. त्याआधी गरिबांची घरे म्हटली की सरकारी इमारतीच डोळ्यांसमोर येत. व्हाउचरमध्ये कुटुंब खाजगी घरमालकाचे घर स्वतः शोधते, आपल्याला परवडेल तेवढे भाडे भरते आणि उरलेले भाडे सरकार थेट मालकाला देते. पैसा केंद्राच्या गृहनिर्माण खात्याचा, म्हणजे ‘हड’चा. कारभार मात्र दोन हजारांहून अधिक स्थानिक हाउसिंग ऑथॉरिटींच्या, म्हणजे गृहनिर्माण कार्यालयांच्या हाती. आज साधारण २३ लाख कुटुंबे या आधाराने डोक्यावर छप्पर टिकवून आहेत.

तुम्ही स्वतःसाठी अर्ज करत असाल किंवा इंग्रजी कागद पाहून बुजणाऱ्या शेजारच्या आजींना मदत करत असाल, एक गोष्ट आधीच सांगतो. व्हाउचर मिळालेल्या दर दहा कुटुंबांपैकी जवळपास चार जणांना मुदतीत घर मिळत नाही आणि व्हाउचर परत जाते. वर्षानुवर्षे थांबून हाती आलेली गोष्ट दोन महिन्यांत निसटते, याचे मला फार वाईट वाटते. म्हणून खाली हिशेब आणि घरशोध यांवर मी जास्त लिहिले आहे.

१. आपण बसतो का, ते पाहा

उत्पन्नाची मर्यादा देशभर एक नाही. त्या भागातल्या ‘मीडियन’ उत्पन्नाच्या (निम्म्या कुटुंबांचे ज्याहून कमी आणि निम्म्यांचे जास्त, असे मधले उत्पन्न) ५० टक्क्यांच्या आत तुमचे उत्पन्न असावे लागते, आणि ती रक्कम कुटुंबातल्या माणसांच्या संख्येनुसार बदलते. प्रत्यक्षात मात्र दरवर्षी नव्याने दिल्या जाणाऱ्या व्हाउचरपैकी किमान ७५ टक्के अगदी तळाच्या गटाला द्यावी लागतात, म्हणजे ढोबळमानाने ३० टक्क्यांच्या आतल्या कुटुंबांना.

दुसरी अट नागरिकत्वाची. नागरिक, ग्रीन कार्डधारक, निर्वासित आणि आश्रय मिळालेले लोक चालतात. एच-१बी किंवा विद्यार्थी व्हिसावर असलेल्यांना हे मिळत नाही. पण घरातले काही जण पात्र आणि काही अपात्र असतील, उदाहरणार्थ मूल अमेरिकी नागरिक आणि आई व्हिसावर, तर अर्ज बाद होत नाही. पात्र सदस्यांच्या प्रमाणात मदत मिळते. हे माहीत नसल्यामुळे कित्येक घरे अर्जच करत नाहीत.

२. यादीत नाव लावा, आणि ते टिकवा

अन्नाच्या कुपनांसारखे हे नाही. पात्र असलेल्या प्रत्येकाला व्हाउचर मिळेल अशी हमी कायदा देत नाही. पैसा संपला की यादी बंद. न्यूयॉर्क शहराने २०२४ च्या जूनमध्ये जवळपास १५ वर्षांनी यादी उघडली, तीही एका आठवड्यापुरती. ६ लाख ३३ हजार अर्ज आले आणि त्यांतून सोडतीने २ लाख नावे यादीत घेतली. व्हाउचर नव्हे, फक्त यादीत जागा!

म्हणून एकाच ऑथॉरिटीवर विसंबू नका. शेजारच्या गावांच्या, काउंटीच्या (म्हणजे जिल्ह्याच्या), राज्याच्या यादीतही नाव घाला. त्याला आडकाठी नाही. बेघर, माजी सैनिक, अपंग किंवा स्थानिक रहिवासी यांना बऱ्याच ठिकाणी प्राधान्य असते. ते लागू असेल तर अर्जात न चुकता लिहा.

नाव लागल्यावर खरी जपणूक सुरू होते. पत्ता, फोन किंवा ईमेल बदलला की प्रत्येक ऑथॉरिटीला लेखी कळवा आणि त्याची प्रत ठेवा. मधूनमधून ‘अजून इच्छुक आहात का’ असे पत्र येते. ते जुन्या पत्त्यावर गेले आणि उत्तर आले नाही, की नाव कापले जाते. भाड्याच्या घरातून वारंवार हलावे लागणाऱ्या माणसालाच हा नियम सर्वात जास्त जाचतो.

अर्जाला पैसे पडत नाहीत. ‘इतके डॉलर भरा, नंबर वर आणून देतो’ म्हणणारा फसवतो आहे, हे पक्के समजा.

३. कागद आधीच गोळा करा

सगळ्यांचे जन्मदाखले, सोशल सिक्युरिटी कार्ड, इमिग्रेशनची कागदपत्रे, पगाराच्या स्लिपा, बँकेची स्टेटमेंट. एक फाइल करून ठेवा, म्हणजे बोलावणे आल्यावर धावपळ होत नाही.

४. हिशेब समजून घ्या

इथे घाई करू नका. मुले, वृद्ध किंवा अपंग सदस्य, पाळणाघराचा खर्च अशा वजावटी काढल्यावर जे मासिक उत्पन्न उरते, त्याच्या साधारण ३० टक्के वाटा तुमचा. सरकार कुठवर भर घालणार, त्याची कमाल पातळी ऑथॉरिटी ठरवते. तिला ‘पेमेंट स्टँडर्ड’ म्हणतात. हड दरवर्षी प्रत्येक भागासाठी ‘फेअर मार्केट रेंट’, म्हणजे तिथल्या साधारण घराचे बाजारभाडे, जाहीर करते आणि पेमेंट स्टँडर्ड सहसा त्याच्या ९० ते ११० टक्क्यांच्या दरम्यान असते.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. वजावटींनंतर उत्पन्न महिना २,००० डॉलर, म्हणजे तुमचा वाटा ६००. पेमेंट स्टँडर्ड १,८००. भाडे आणि वीज-गॅस मिळून घर १,७०० ला पडत असेल, तर तुम्ही ६०० भरता आणि सरकार १,१००. घर १,९५० चे असेल, तर सरकार १,२०० वर (१,८०० वजा तुमचे ६००) थांबते आणि वरचे १५० तुमच्या अंगावर येतात, म्हणजे एकूण ७५०. हे चालते. पण २,०५० चे घर मंजूर होणार नाही, कारण नव्या घरात शिरताना तुमचा वाटा या उत्पन्नाच्या ४० टक्क्यांवर, म्हणजे इथे ८०० वर, जाता कामा नये.

यातून एक सोपे सूत्र निघते: पेमेंट स्टँडर्डमध्ये उत्पन्नाचे १० टक्के मिळवा. इथे १,८०० अधिक २००, म्हणजे २,०००. त्याच्यावरचे घर पाहायलाही जाऊ नका. वीज-गॅस तुम्ही वेगळे भरणार असाल, तर ऑथॉरिटीने त्यासाठी धरलेली रक्कम यातून वजा करा. तो ‘युटिलिटी अलाउन्स’. तो १५० असेल, तर मालकाला १,८५० च्या पुढे होकार देऊ नका. हा आकडा कागदावर लिहून खिशात ठेवा.

५. घर शोधा: घड्याळ सुरू झाले आहे

व्हाउचर हाती पडल्यापासून किमान ६० दिवस मिळतात. मुदत वाढवून मिळू शकते, पण मागावी लागते, आणि ती संपायच्या आत लेखी मागावी लागते. अपंगत्वामुळे शोध अवघड होत असेल तर तसे स्पष्ट लिहा. त्या कारणाने मुदतवाढ मागण्याचा हक्क वेगळा आणि भक्कम आहे.

सर्वात मोठी अडचण म्हणजे ‘आम्ही सेक्शन ८ घेत नाही’ हे वाक्य. ते कायदेशीर आहे का, हे तुम्ही कुठे आहात त्यावर ठरते. केंद्राच्या कायद्यात वंश, धर्म, अपंगत्व यांवरून भेदभावाला बंदी आहे, पण उत्पन्नाच्या स्रोतावरून नाही. न्यू जर्सी, मॅसॅच्युसेट्स, कॅलिफोर्निया अशा राज्यांत मात्र केवळ व्हाउचर आहे म्हणून नकार देता येत नाही. तिथे असा नकार लेखी मिळवा, तारीख टिपा आणि तक्रार करा. मला विचाराल तर हा कायदा देशभर व्हायला हवा. ज्या मदतीकडे मालक पाठ फिरवू शकतो, ती निम्मीच मदत आहे.

मालकाशी बोलताना अजिजी करायची गरज नाही. भाड्याचा मोठा हिस्सा दरमहा सरकारकडून थेट येणार, ही त्याच्याही फायद्याची गोष्ट आहे, ती आधी सांगा. आधीच्या घरमालकाचे शिफारसपत्र सोबत ठेवा. डिपॉझिट मात्र सहसा व्हाउचरमध्ये येत नाही. त्यासाठी काउंटी किंवा सेवाभावी संस्थांकडे वेगळी मदत असते, तिची चौकशी यादीत असतानाच करा. आई-वडील, भावंडे, मुले यांचे घर मात्र व्हाउचरवर घेता येत नाही. अपंग सदस्यासाठी अपवाद होऊ शकतो.

६. मंजुरी आणि तपासणी

मालक तयार झाला की दोघांनी मिळून भाडेमंजुरीचा अर्ज ऑथॉरिटीला द्यायचा. तो दिल्यापासून निर्णय येईपर्यंत मुदतीचे घड्याळ थांबते. ऑथॉरिटी दोन गोष्टी पाहते: भाडे आसपासच्या तशाच घरांच्या मानाने वाजवी आहे का, आणि घर राहण्याजोगे आहे का. धुराचा अलार्म, गरम पाणी, बंद होणाऱ्या खिडक्या, उघड्या वायरी नसणे, हे सगळे तपासले जाते. घर १९७८ पूर्वीचे असून सहा वर्षांखालील मूल राहणार असेल, तर सोलवटलेला रंगही अडतो, कारण त्यात शिसे असू शकते. घर पाहायला जाल तेव्हाच हे नजरेखालून घाला आणि मालकाला दुरुस्त करायला सांगा.

तपासणी पार पडेपर्यंत सामान हलवू नका. त्याआधीच्या दिवसांचे भाडे सरकार देत नाही.

७. राहायला गेल्यावर

मंजूर करारापलीकडे मालक हातावर आणखी पैसे मागू लागला, तर ते बेकायदा आहे. देणाऱ्याचेही व्हाउचर जाऊ शकते. उत्पन्न बदलले किंवा घरात माणूस वाढला-घटला की ऑथॉरिटीला कळवा. उत्पन्न आणि कुटुंबाची फेरतपासणी नियमित होतेच, आणि लपवलेली मिळकत पुढे कर्जासारखी मानगुटीवर बसते.

पगार वाढला की तुमचा वाटाही वाढतो, त्यामुळे काही जण बढतीला कचरतात. त्यांनी ‘फॅमिली सेल्फ-सफिशियन्सी’ कार्यक्रमाची चौकशी जरूर करावी. त्यात कमाई वाढल्यामुळे वाढलेल्या भाड्याएवढी रक्कम तुमच्या नावे बाजूला साठते आणि ठरलेली उद्दिष्टे पूर्ण झाल्यावर तुम्हाला मिळते.

गाव किंवा राज्य बदलले तरी व्हाउचर सोबत नेता येते. त्याला ‘पोर्टेबिलिटी’ म्हणतात. अर्ज करताना तुम्ही त्या ऑथॉरिटीच्या हद्दीत राहत नसाल, तर पहिले वर्ष तिथेच काढावे लागू शकते. आणि कधी मदत बंद करण्याची नोटीस आली, तर ती बाजूला ठेवू नका. त्यावर सुनावणी मागायची तारीख लिहिलेली असते. तिच्या आत लेखी अर्ज द्या, ऑथॉरिटीकडची तुमची फाइल पाहायला मागा आणि जवळच्या मोफत कायदेसाहाय्य केंद्रात त्याच आठवड्यात जा.