जुन्या उष्ण काळावर हवामानाचं मॉडेल कसं तपासायचं

सोलापुरात एप्रिल लागला की बीएस्सीची मुलं हमखास विचारतात, "मॅडम, २१०० सालचं तापमान सांगणाऱ्या मॉडेलवर विश्वास कशाच्या जोरावर ठेवायचा?" २१०० कुणी पाहिलेलं नाही. पण पृथ्वी याआधीही तापली होती आणि त्याच्या खुणा गाळात, पानांत, शिंपल्यांत राहिल्या आहेत. मॉडेलने तो काळ कसा दाखवलाय ते या खुणांशी ताडून बघायचं. घरच्या लॅपटॉपवर हे जमतं. मी मुलांकडून करून घेते ते असं.

आधी काळ निवडा. पहिल्यांदा मध्य प्लायोसीन घ्या, ३३ ते ३० लाख वर्षांपूर्वीचा. तेव्हा हवेत कार्बन डायऑक्साइड साधारण ४०० पीपीएम (हवेच्या दर दहा लाख भागांत ४०० भाग) होता, म्हणजे आजच्या जवळपास, आणि खंडही जवळजवळ आजच्याच जागी होते. प्लायोमिप प्रकल्पात जगभरच्या गटांनी आपापली मॉडेलं याच काळासाठी चालवली आहेत. दुसऱ्या फेरीतल्या १६ मॉडेलांनी औद्योगिक काळाआधीपेक्षा १.७ ते ५.२ अंश जास्त तापमान दाखवलं. एवढी तफावत आहे म्हणूनच तपासायला अर्थ आहे. १ लाख २५ हजार वर्षांपूर्वीचा उष्ण काळही मोह घालतो, कारण त्याचे पुरावे भरपूर आहेत. पण ती ऊब मुख्यतः पृथ्वीच्या कक्षेतल्या बदलांची होती. त्यावर बर्फ आणि ऋतू तपासा. कार्बन वाढला की मॉडेल किती तापतं, हे तिथे कळणार नाही.

मॉडेलची फाइल लगेच उघडू नका. आधी पुरावा हातात घ्या. माझा पहिला तास वर्गात होतच नाही. सकाळी सातला मुलांना सिद्धेश्वर तलावाच्या काठी बोलावते. प्रत्येक जातीच्या झाडाचं एक पान घ्यायचं आणि कड गुळगुळीत की दातेरी एवढंच लिहायचं. वड, पिंपळ, करंज, जांभूळ गुळगुळीत. कडुनिंब आणि बोर दातेरी. बोराच्या पानाचे दाते इतके बारीक की बोट फिरवल्याशिवाय कळत नाहीत. उष्ण प्रदेशात गुळगुळीत कडांच्या जाती जास्त असतात, आणि जीवाश्म पानांवरून तापमान काढायची एक जुनी रीत यावरच उभी आहे: गुळगुळीत जातींच्या प्रमाणाला ३०.६ ने गुणायचं, त्यात १.१४ मिळवायचे. गेल्या वर्षी २० जाती मिळाल्या, त्यातल्या १६ गुळगुळीत, म्हणजे प्रमाण ०.८. उत्तर आलं २५.६ अंश. सोलापूरची वार्षिक सरासरी २७ च्या आसपास आहे, त्यामुळे मुलं हिरमुसली. मग उत्तर किती चुकू शकतं, ते मी काढायला लावलं. नमुना फक्त २० जातींचा असल्यामुळेच उत्तर २.७ अंश इकडे-तिकडे होऊ शकतं, म्हणजे २७ त्यात बसतं. शिवाय हे सूत्र पूर्व आशियातल्या दमट जंगलांवरून बांधलंय, आपल्याकडची हवा कोरडी आणि काठावरची निम्मी झाडं लावलेली. असा आकडा जुळला म्हणून हुरळून जायचं नसतं, हेही तिथेच सांगते.

प्रत्येक पुराव्याला अशी एक खोड असते. ती वहीत आधी लिहा. अरबी समुद्राच्या तळातून ७२२ क्रमांकाच्या बोअरचा गाळ काढलाय. त्यात सूक्ष्म शेवाळांनी तयार केलेले अल्केनोन नावाचे मेणचट रेणू असतात, त्यांच्या प्रमाणावरून पाण्याचं तापमान काढतात. ही पद्धत २८-२९ अंशांच्या पुढे मुकी होते. ताप बघायच्या थर्मामीटरवर ४२ च्या पुढे आकडेच नसतात, तसंच. तिथे मॉडेल ३० म्हणालं आणि पुरावा २८.५, तर मॉडेल चुकलं असं लिहू नका.

आता फाइल उघडा. ती नेटसीडीएफ या प्रकारची असते, म्हणजे ठिकाण आणि वेळेनुसार आकडे साठवणारी. नासाचं पॅनोप्ली हे फुकटचं सॉफ्टवेअर ती नकाशावर दाखवतं. मॉडेलच्या प्लायोसीनमधून त्याच मॉडेलचा औद्योगिक काळाआधीचा आकडा वजा करा. पुराव्याचा फरकही औद्योगिक काळाआधीच्या तापमानापासूनच मोजा, आजच्या तापलेल्या समुद्रापासून नको. ठिकाण जुन्या अक्षांशावर बसवा. भारत वर्षाला ५ सेंटिमीटर सरकला असं धरलं तरी ३२ लाख वर्षांत १६० किलोमीटर होतात.

ऋतूही तोच हवा. ईशान्य रशियातल्या एल्गिगित्गिन सरोवरातले परागकण प्लायोसीनमधला उन्हाळा आजच्यापेक्षा सुमारे ८ अंशांनी गरम होता असं सांगतात. मी तो आकडा मॉडेलच्या वार्षिक सरासरीशेजारी ठेवला आणि वर्गात मॉडेल नापास केलं. मागच्या बाकावरच्या मुलीने विचारलं, "मॅडम, हा जुलैचा आकडा आहे ना?" जुलैचाच होता. तो तक्ता मी पुन्हा केला, आणि तेव्हापासून ऋतूचा रकाना सगळ्यात डावीकडे असतो.

जागतिक सरासरी जुळली की थांबू नका. विषुववृत्त आणि ध्रुव यांच्यातला फरक बघा, मॉडेलचा खरा कस तिथे लागतो. ५ कोटी वर्षांपूर्वीच्या इओसीनमध्ये कॅनडाच्या उत्तर टोकाच्या एल्समिअर बेटावर मगरींचे भाऊबंद राहत होते. तिथे तेवढी ऊब आणताना अनेक जुनी मॉडेलं विषुववृत्त भाजून काढत.

२०२० साली सीईएसएम२ हे अमेरिकन मॉडेल इओसीनवर तपासलं गेलं. कार्बन दुप्पट झाला की हे मॉडेल ५ अंशांहून जास्त तापतं. उष्ण कटिबंधातल्या जमिनीवर त्याने ५५ अंशांच्या वर तापमान दाखवलं. आता सुरत जिल्ह्यातल्या वस्तानच्या लिग्नाइट खाणीतलं अंबर आठवा. ती इओसीनमधल्या, साल वृक्षाच्या कुळातल्या झाडांची राळ आहे, आणि भारत तेव्हा विषुववृत्ताजवळ होता. ५५ अंशांत असं सदाहरित जंगल उभं राहत नाही. त्याच घराण्यातल्या आधीच्या मॉडेलने मात्र हा काळ बराच नीट दाखवला होता, म्हणून संशय नव्या आवृत्तीत ढग मांडायच्या पद्धतीवर गेला.

तुमच्या नकाशावरही जुळलेले ठिपके निळ्या पेन्सिलने आणि न जुळलेले लाल पेन्सिलने काढा. प्रत्येक लाल ठिपक्याशेजारी संशय लिहा: ढग, बर्फाची चादर, ऋतू, की पुरावाच. आमचा नकाशा प्रयोगशाळेच्या भिंतीवर आहे. नव्या बॅचला मी कोरा कागद देत नाही, लाल ठिपक्यांपासूनच सुरू करायला सांगते.