मोबाइलवर व्हिडिओ सुरूच होईना: माझा अनुभव

सांगलीच्या मार्केट यार्डात मामांचं हळदीचं दुकान आहे. त्यांच्या वेबसाइटवरचा व्हिडिओ वायफायवर ठीक, पण मोबाइल डेटावर नुसतं चक्र गरगरत राहायचं. मामा म्हणाले, "अरे, रेंजच नाही इथं." पण त्याच फोनवर यूट्यूब मस्त चालत होतं.

ब्राउझरच्या नेटवर्क टॅबमध्ये (कोणती फाइल कधी, किती उतरली हे तिथं दिसतं) पाहिलं, तर अख्खी फाइल उतरल्यावरच पहिलं चित्र यायचं. एमपी४ फाइलमध्ये 'मूव्ह' नावाचा भाग असतो. कोणती फ्रेम कुठल्या बाइटवर, किती वेळाची, कोणता कोडेक (व्हिडिओ दाबून साठवायची पद्धत), ही सगळी अनुक्रमणिका त्यात; ती हाती आल्याशिवाय ब्राउझरला व्हिडिओ सुरू करता येत नाही. रेकॉर्डिंग संपल्याशिवाय ती पूर्ण होत नाही, म्हणून ती बहुतेकदा फाइलच्या शेवटी लिहिली जाते. सर्व्हर २०६ हे उत्तर (म्हणजे 'फाइलचा मागितलेला तुकडा' असा कोड) देऊन हवा तेवढाच तुकडा देत असेल, तर ब्राउझर शेपूट आधी मागून घेतो. आमचं स्वस्तातलं होस्टिंग मात्र दरवेळी २०० (म्हणजे 'ही घे अख्खी फाइल') म्हणून पहिल्यापासून सगळं ओतायचं!

एफएफएमपेग या व्हिडिओ हाताळायच्या सॉफ्टवेअरमध्ये कोडेक 'कॉपी' ठेवून, मूव्ह फाइलच्या सुरुवातीला आणणारं 'फास्टस्टार्ट' लावलं. व्हिडिओ नव्याने दाबणं, म्हणजे पुन्हा एन्कोडिंग नाही, त्यामुळे दर्जा तसाच आणि काम चुटकीसरशी. मूव्ह पुढे आला, व्हिडिओ लगेच सुरू झाला. न उतरलेल्या भागावर थेट उडी मारायला मात्र २०६ लागतंच, म्हणून होस्टिंगही बदललं. त्याच्या पैशांवरून मामांनी भरपूर घासाघीस केली, ते वेगळं.