नीलकुरिंजी: फुलाच्या वर्षी आणि मधल्या अकरा वर्षांत या चुका टाळा

ऑगस्ट उजाडला की मोबाइलवर एक फोटो फिरायला लागतो. डोंगरच्या डोंगर जांभळे, खाली ढग, आणि वर ओळ: ‘बारा वर्षांतून एकदा फुलणारी नीलकुरिंजी फुलली, लगेच निघा!’ मग ओळखीच्यांचे फोन सुरू होतात. बुकिंग करू का? गेलो तर दिसेल का? या प्रश्नांची उत्तरं इतक्यांदा देऊन झाली आहेत की एकदा सविस्तर लिहून ठेवावं असं वाटलं. चुका बहुतेक त्याच त्याच होतात. काहींनी आपली सहल वाया जाते, काहींनी झुडपाचा जीव जातो. दुसऱ्या प्रकारच्या चुकांबद्दल जास्त लिहिणार आहे.

कारवीला कुरिंजी समजणं

नीलकुरिंजी म्हणजे स्ट्रोबिलँथस कुंथियाना. आपल्या अडुळशाच्या कुळातली, आणि सह्याद्रीतल्या कारवीची बहीण. बहीण असली तरी घर वेगळं. नीलकुरिंजी दक्षिण भारतातल्या उंच डोंगरांवरच मिळते, साधारण १३०० मीटरच्या वर, जिथे गवताळ माळ आणि ढगांत बुडालेली बुटकी दाट वनं, म्हणजे शोला, शेजारी शेजारी असतात. केरळातलं मुन्नार, तमिळनाडूतले पळनी आणि निलगिरी डोंगर ही तिची मुख्य ठिकाणं. महाराष्ट्रात ती नाही.

आपल्याकडे निळी-जांभळी फुलते ती कारवी. मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात ती २००८, २०१६ आणि २०२४ मध्ये फुलली. सात वर्षं नुसती पानं आणि आठव्या वर्षी फूल, असा तिचा हिशोब. कासच्या पठारावर असते ती टोपली कारवी. उपडी टोपली ठेवल्यासारखं गोल झुडूप, म्हणून ते नाव. दोन्ही सुंदर आहेत, दोन्हींसाठी वाट वाकडी करून जावं. पण ‘कासला नीलकुरिंजी फुलली’ हे वाक्य चूकच आहे.

शंका आली तर आधी फोटो कुठल्या डोंगरावरचा आहे ते विचारा, मग पान बघा. कारवीचं पान मोठं, हात फिरवला की खरखरीत लागतं. टोपली कारवीच्या पानाला देठ जवळजवळ नसतोच. नीलकुरिंजीचं पान त्या मानाने लहान, जाडसर, कडेला बारीक दाते आणि शिरा ठळक उमटलेल्या. या वंशातल्या काही जाती दरवर्षी फुलतात, काही ठरावीक वर्षांनी. त्यामुळे मुन्नारच्या रस्त्याकडेला दिसलेलं प्रत्येक निळं घंटाफूल नीलकुरिंजीचं नसतं.

वर्ष विचारणं, पण डोंगर न विचारणं

मुन्नारच्या आसपासच्या मोठ्या बहराची नोंद १८३८ पासूनची आहे. अलीकडची वर्षं १९८२, १९९४, २००६, २०१८. म्हणजे पुढचा मोठा बहर २०३० चा. एवढं माहीत असलं की निम्म्या अफवा तिथेच गळून पडतात.

उरलेल्या निम्म्या मात्र अफवा नसतात. सगळ्या डोंगरांचं घड्याळ एक नाही. मुन्नारच्याच इडुक्की जिल्ह्यात संतनपाराजवळच्या कल्लिप्पारा डोंगरावर २०२२ मध्ये बहर आला होता, मुन्नारच्या चार वर्षं मागून. तिथल्या झुडपांची बारा वर्षं वेगळ्या पावसाळ्यापासून मोजली जातात. शिवाय वेळ चुकलेली एखाद-दोन झुडपं कुठल्याही वर्षी फुललेली सापडतात, आणि त्यांचा जवळून काढलेला फोटो ‘बहर’ म्हणून फिरतो. म्हणून कुणी ‘फुलली’ म्हणालं की विचारायचं: कुठला डोंगर, आणि किती झुडपं?

महिना आणि वेळ

फुलं साधारण ऑगस्ट ते ऑक्टोबर. पावसाने झोडपलं तर कळ्या रखडतात, उमललेली फुलं गळतात. २०१८ च्या ऑगस्टमध्ये केरळात महापूर आला, मुन्नारचे रस्ते तुटले, आणि बारा वर्षं वाट पाहिलेल्या कित्येकांची तिकिटं वाया गेली. पाऊस ओसरल्यावर सप्टेंबरात जे गेले त्यांना डोंगर दिसला. तेव्हा सुट्टी ऑगस्टच्या जोडून आलेल्या रजांवर न बेतता सप्टेंबरचा दुसरा पंधरवडा मोकळा ठेवा, आणि रद्द करता येईल असंच बुकिंग घ्या.

सकाळी जा. दुपारनंतर धुकं चढलं की दहा पावलांवरचंही दिसत नाही.

‘गेलो, पण डोंगर निळा दिसलाच नाही’

ही तक्रार सगळ्यात जास्त ऐकली आहे, आणि तिच्यामागे कारणं बरीच असतात. पहिलं कारण फोटो. रंग चढवलेले फोटो पाहून गेलेला माणूस गडद जांभळा गालिचा शोधत असतो. खरा रंग फिका, धुरकट निळा. लांबून पाहिलं तर उतारावर सावली पडल्यासारखी वाटते. फूल उमलताना फिकट निळं असतं आणि जुनं होत जाईल तसं जांभळ्याकडे झुकतं. त्यामुळे एकाच झुडपावर दोन-तीन छटा असतात, आणि सकाळी पाहिलेला उतार चार दिवसांनी वेगळा दिसतो.

दुसरं म्हणजे बहर सगळीकडे सारखा नसतो. एक उतार भरलेला, शेजारचा अजून कळीत, त्यापलीकडे नुसतं गवत. फाटकाजवळ पाच मिनिटं थांबून परतलं तर काही दिसत नाही. बाहेर परवानगी असलेल्या वाटेने निवांत चाला, वळणावर थांबा, धुकं हलायची वाट पाहा. धुकं बाजूला झालं आणि समोरचा उतार उघडला तो क्षण मी अजून विसरलेलो नाही. सोबतची सगळी माणसं बोलायची थांबली होती.

फोटोत निळ्याचं जांभळं होत असेल तर कॅमेऱ्याचा व्हाइट बॅलन्स ऑटोवरून काढून डेलाइटवर ठेवा. बराच फरक पडतो.

एकदा तरी डोंगर सोडून एकच फूल बघा. दोन-अडीच सेंटिमीटरची घंटा, एकावर एक बसलेल्या बारीक हिरव्या पानांच्या कणसातून डोकावणारी. फुलात मधमाशी शिरली की नुसता मागचा भाग दिसतो, आणि बाहेर येते तेव्हा पाठीवर पराग माखलेले असतात. लगेच शेजारच्या घंटेत. एका कणसावर मी असाच अर्धा तास घालवला आणि डोंगराचा फोटो काढायचा राहून गेला. त्याची खंत नाही.

फोटोसाठी झुडपात शिरणं

इथून पुढच्या चुकांची भरपाई होत नाही. नीलकुरिंजी आयुष्यात एकदाच फुलते. बारा वर्षं पानांनी कमावलेलं सगळं त्या एका हंगामात फुलं आणि बियांमध्ये ओतते आणि मरते. आपल्या बागेतली जास्वंद मोडली तर ती पुन्हा फुटते, पुन्हा फुलते. कुरिंजीचं फुललेलं झुडूप बी धरायच्या आधी मोडलं तर त्याच्या नावावर पुढच्या पिढीत काहीही उरत नाही.

फुलांच्या मधोमध बसून फोटो काढण्यासाठी एक माणूस आत शिरतो, त्याच्या पावलांची वाट होते, मग त्या वाटेने पन्नास जण जातात. २०२२ मध्ये कल्लिप्पाराला हेच झालं. माणसांची रीघ लागली, फुलं ओरबाडली गेली, प्लॅस्टिकचा कचरा डोंगरावर राहिला. वाटेवरून वाकून काढलेल्या फोटोतही फुलं तेवढीच सुंदर येतात. मुलं बरोबर असतील तर हे गाडीतून उतरायच्या आधीच सांगून ठेवा. फुलं समोर आल्यावर ऐकण्याच्या मनःस्थितीत कुणी नसतं.

फांदी तोडणं, रोप किंवा बी घरी आणणं

वन्यजीव संरक्षण कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीत, म्हणजे संरक्षित वनस्पतींच्या यादीत, आता नीलकुरिंजी आहे. तोडणं, उपटणं, जवळ बाळगणं, विकणं, परवान्याशिवाय लागवड करणं हे सगळं गुन्ह्यात येतं; तीन वर्षांपर्यंत कैद आणि दंड होऊ शकतो. ‘मी एकच फांदी घेतली’ हा बचाव नाही. ऑनलाइन कुणी ‘नीलकुरिंजीचं बी’ विकत असेल तर ते एक तर भलतंच बी आहे, नाही तर बेकायदा आणलेलं. दोन्ही घेऊ नये.

आणि समजा कायदा बाजूला ठेवला, तरी ती आपल्या अंगणात कशी जगावी? तिला वर्षातले कित्येक महिने धुकं लागतं, थंड रात्री लागतात, पाणी धरून ठेवणारी आणि तरी न तुंबणारी उताराची माती लागते. सपाटीवरच्या कुंडीतला मे महिना तिने सोसावा कसा? फुलांच्या कणसाची हौस असेल त्यांनी ती डोंगरावर जाऊनच भागवावी.

वाळलेल्या काड्या बघून ‘मेलं, साफ करा’ म्हणणं

बहरानंतरच्या वर्षी मी मुद्दाम परत गेलो होतो. जो उतार निळा पाहिला होता तिथे करड्या काड्या उभ्या होत्या, वाऱ्यावर एकमेकींवर घासत खडखडत होत्या. बरोबरचा एक पर्यटक हळहळला, ‘सगळं जळालं की हो.’ खाली बसून गवत बाजूला केलं तर त्याच काड्यांच्या बुडाशी बोटाएवढी रोपं होती. दोन-चार पानं, कडेला तेच बारीक दाते. दाट, एकमेकांना चिकटून.

ही रोपं पुढची अकरा वर्षं ओळखूसुद्धा येत नाहीत. उघड्या, वाऱ्याच्या उतारावर ती मांडीएवढीही होत नाहीत. आडोशाला, शोलाच्या कडेला माणसाच्या वर जातात. फूल नाही, त्यामुळे कुणाचं लक्ष नाही. नेमकं याच काळात आग लागते, वाट रुंद होते, जमीन सपाट होते. बी पडायच्या आधी वणवा गेला किंवा रोपं कोवळी असताना गेला, तर तो उतार पुढच्या बहरातून वजाच. वाळलेलं झुडूप दिसलं तर त्याला हात लावू नका, शेकोटीसाठी काड्या तर अजिबात गोळा करू नका.

गवताळ माळाला पडीक जमीन समजणं, आणि तिथे झाडं लावणं

माझ्या मते सगळ्यात मोठी चूक ही, आणि ती चांगल्या भावनेनेही होते. ‘डोंगर उघडा पडलाय, झाडं लावू या.’ उंचावरचा हा माळ उघडा पडलेला नसतो, तो तसाच असतो. खोलगट घळीत शोलाचं बुटकं दाट जंगल आणि वरच्या उतारांवर गवत, अशी ती जोडी आहे. गवत आणि त्याखालची माती पावसाचं, धुक्याचं पाणी स्पंजासारखं शोषते आणि उन्हाळाभर थेंबाथेंबाने खालच्या ओढ्यांना सोडते. निलगिरी ताहर, ती डोंगरी बकरी, याच गवतावर जगते.

इंग्रजांना हा माळ मोकळी जमीन वाटला. चहाचे मळे आले, जळणासाठी आणि कातडी कमवायच्या सालीसाठी वॅटल, म्हणजे ऑस्ट्रेलियन बाभूळ, आलं, निलगिरीची झाडं आली. पुढेही लागवडी चालूच राहिल्या. वॅटल आता कुणी न लावताही पसरतं. त्याच्या सावलीत कुरिंजीचं रोप उभं राहत नाही, कारण त्याला ऊन लागतं. २०२४ मध्ये कुरिंजीचं पहिल्यांदाच धोक्यातल्या जीवांच्या जागतिक लाल यादीसाठी मूल्यमापन झालं आणि ते ‘असुरक्षित’ गटात गेलं. चहा, परदेशी झाडांच्या लागवडी, वाढती वस्ती आणि पसरणारं तण ही त्यामागची कारणं.

संरक्षण मिळालेली जागा थोडी आहे. मुन्नारजवळचं इरविकुलम राष्ट्रीय उद्यान ९७ चौरस किलोमीटरचं. वट्टवडा आणि कोट्टकंबूर गावांच्या परिसरातलं कुरिंजीमला अभयारण्य २००६ मध्ये, बहराच्याच वर्षी जाहीर झालं. ते ३२ चौरस किलोमीटर. त्या भागात रोपं लावायच्या कुठल्या मोहिमेत जाणार असाल तर आधी विचारा की झाडं कुठे लावणार आहेत. माळावर लावणार असतील तर जाऊ नका. वॅटल उपटायला जाणार असतील तर जरूर जा. माळावर चालण्याआधी बुटांचे तळवे घासून घ्या, कारण खालच्या रस्त्यावरच्या तणाचं बी चिखलाबरोबर वर जातं.

इरविकुलमला निघताना एक लक्षात असू द्या: ताहरच्या पिलांच्या हंगामात, साधारण फेब्रुवारी-मार्चमध्ये, ते पर्यटकांसाठी बंद असतं.

‘कुरिंजी मध’

बहराच्या काळात मधमाश्या याच फुलांवर असतात, आणि त्या मधाचं डोंगरातल्या लोकांना मोठं अप्रूप आहे. पण जवळपास बहर नसलेल्या वर्षी ‘ताजा कुरिंजी मध’ अशी चिठ्ठी लावलेली बाटली दिसली तर चिठ्ठीसाठी जास्त पैसे मोजू नका.

अवेळी फुललेली दिसली तर

गाव आणि झुडपाची नेमकी जागा समाजमाध्यमांवर टाकायची घाई करू नका. लहानसा ताटवा असेल तर एका शनिवार-रविवारात तुडवला जातो. फुलाबरोबर पानाचा, कणसाचा आणि आजूबाजूच्या उताराचा फोटो घ्या, तारीख लिहा, झुडपं अंदाजे किती ते लिहा, आणि जवळच्या वन कार्यालयात कळवा. त्या डोंगराचं घड्याळ कुठल्या वर्षाला लागलंय हे अशा नोंदींतूनच कळतं.