खोगीर पावसाळ्यात वाया घालवायचं नसेल तर या चुका टाळा

माझं पहिलं कानपुरी खोगीर घोड्यावर झिजून नाही गेलं, ते कपाटात गेलं. जूनमध्ये मस्त पुसलं, भरपूर तेल पाजलं, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून ठेवलं आणि गणपतीत उघडून बघतोय तर सगळीकडे पांढरी-हिरवी लव, वास तर विचारूच नका.

तेव्हा पहिली चूक प्लास्टिक. चामड्यात थोडी ओल असतेच, ती आत कोंडली की बुरशी आलीच, माथेरान-महाबळेश्वरसारख्या हवेत तर काही दिवसांतच. जुनी सुती चादर टाका, खोगीर घोडीवर ठेवा (लाकडाच्या हां!), भिंतीला टेकवू नका, आणि आठ-दहा दिवसांनी काढून कोरडं फडकं मारा. बुरशी आली असेल तर घरात झटकायची नाही, शेजारच्या लगामावर पण जाते ती. बाहेर न्यायचं, पांढरं व्हिनेगर आणि पाणी निम्मं-निम्मं घेऊन फडकं घट्ट पिळून पुसायचं, पण आधी एका कोपऱ्यात रंग उतरतो का बघा.

भिजलेलं खोगीर उन्हात किंवा चुलीजवळ ठेवणारे अजूनही भेटतात. चामड्यातला स्निग्धपणा उडतो, ते पापडासारखं होतं आणि वाकवलं की तडा. सावलीत, फॅनखाली, वेळ लागू दे.

आता तेल. यात सगळेच हात सैल सोडतात, मीपण सोडला होता. लोकांना वाटतं जितकं तेल तितकं चामडं खूश, पण जास्त तेलाने पट्टे लिबलिबीत होऊन ताणतात, भोकं लांबट होतात, शिलाईचा सुती दोरा कुजतो आणि रंग काळपट पडतो तो वेगळाच. खोबरेल तर नकोच, थंडीत गोठतं आणि नंतर खवट होतं. नीट्सफूट ऑइल (गुरांच्या पायाच्या हाडांतून काढलेलं तेल) किंवा चामड्याचं चांगलं कंडिशनर घ्या, पातळ हात मारा, तेपण पट्ट्याच्या खरखरीत मागच्या बाजूने जास्त कारण तिकडून मुरतं. आणि आधी घाम-धूळ साफ करा, नाहीतर तुम्ही माथेरानची लाल माती तेलात कालवून चामड्याला चोळताय. साफ करायला भांड्याचा साबण किंवा कपड्यांची पावडर नाही, सॅडल सोप (चामड्याचा खास साबण) किंवा ग्लिसरीनचा साबण, फेस कमीत कमी.

लगाम खिळ्याला टांगू नका, डोक्यावरचा पट्टा तिथेच दुमडून चिरतो. रिकामा डबा भिंतीला ठोका, त्याच्या गोलाईवर अडकवा. तोंडातली कडी रोज पाण्याने धुवायची, यात काय सांगायचं. हो, उंदीर! घामाच्या खारट चवीसाठी ते पट्टे कुरतडतात, म्हणून न पुसता ठेवलेला तंग, म्हणजे खोगीर पोटाखालून आवळायचा पट्टा, आधी जातो.

तंगाचं मात्र मनावर घ्या राव, वरून चकाचक आणि खाली शिवण उसवलेली असेल तर खोगीर फिरतं आणि स्वार खाली. चढण्याआधी पट्टे उलटे करून बघा, भोकाजवळ वाकवा, शिवण नखाने ओढा. रिकिबीचे पट्टे अधूनमधून डावा-उजवा बदला, आपण डावीकडूनच चढतो त्यामुळे डावा लांब होतो. दुसऱ्याच्या घोड्याचा तंग किंवा नमदा (खोगिराखालची जाड घडी) उसना घेऊ नका, गजकर्ण त्यातून येतं. आपला नमदा पण धुवा, वाळलेला घाम कडक होऊन पाठ सोलतो.

खोगीरभरती हा शब्द आपण बिनकामाच्या माणसांसाठी वापरतो, पण खऱ्या खोगिरात ती भरतीच घोड्याची पाठ वाचवते. खालून हात फिरवा, गाठी लागतायत का, एक बाजू बसलीय का. पाठीवर पूर्वी नव्हते असे पांढऱ्या केसांचे ठिपके आले असतील तर तिथे दाब पडून जखम होऊन गेलीय, मग पॉलिश करत बसू नका, आधी घोड्याला आराम द्या आणि खोगीर भरती करून घ्यायला न्या.