डबीवर नाव लिहिण्याआधी एक्स-रे

लेसरच्या प्रकाशाची तरंगलांबी निम्मी करणारे स्फटिक वाढवणं हा माझा विषय. पीएच.डी.च्या पहिल्या वर्षी मी ग्लायसीन (एक साधं अमिनो आम्ल) आणि साधं मीठ पाण्यात विरघळवलं, द्रावण गाळलं, बीकरच्या तोंडाला प्लॅस्टिक ताणून बांधलं आणि त्याला सुईने पाच-सहा भोकं पाडली. काही आठवड्यांत तळाशी नखाएवढे नितळ स्फटिक आले. नवा पदार्थ मिळाला, या आनंदाच्या भरात डबीवर लिहून टाकलं: ‘ग्लायसीन सोडियम क्लोराईड’.

पुढे कुर्ट्झ-पेरी चाचणी. १९६८ पासूनची ही पद्धत सोपी आहे. स्फटिकाची पूड करायची आणि तिच्यावर एनडी-याग लेसरचा १०६४ नॅनोमीटरचा न दिसणारा झोत सोडायचा. पदार्थात हा गुण असेल तर निम्म्या तरंगलांबीचा, ५३२ नॅनोमीटरचा हिरवा प्रकाश निघतो. माझ्या पुडीतून तो निघाला. त्या रात्री मला झोप लागली नाही.

मग आयआर (अवरक्त किरणांचा वर्णपट), उष्णता, कडकपणा अशा सगळ्या मोजमापांत सहा महिने गेले. एकस्फटिक एक्स-रेचा, म्हणजे एका स्फटिकावर क्ष-किरण सोडून आतली अणूंची मांडणी शोधण्याचा, नंबर लागला सगळ्यात शेवटी. एकक कोशाच्या (स्फटिकात पुन्हा पुन्हा येणाऱ्या सगळ्यात लहान ठोकळ्याच्या) बाजू निघाल्या ७.०४ आणि ५.४८ अँगस्ट्रॉम. हे तर शुद्ध गॅमा ग्लायसीन! सोडियम नाही, क्लोरीन नाही. मिठाच्या सान्निध्यात ग्लायसीन नेहमीचं अल्फा रूप सोडून गॅमा रूपात (रेणू तेच, मांडणी वेगळी) बसलं होतं, एवढंच. अल्फाच्या रचनेत सममिती केंद्र (ज्याच्या समोरासमोरच्या बाजूंना मांडणी तंतोतंत जुळते असा बिंदू) असतं, म्हणून त्यातून हिरवा प्रकाश निघत नाही; गॅमात ते नसतं.

ही चूक माझ्या एकट्याची नव्हती. गोवा विद्यापीठात काम केलेले रसायनशास्त्रज्ञ बी. आर. श्रीनिवासन यांनी अशा ‘नव्या’ स्फटिकांच्या छापून आलेल्या दाव्यांची चिकित्सा करणारी कितीतरी टिपणं लिहिली आहेत. या विषयात येणाऱ्याने ती आधी वाचावीत, असं मला कळकळीने वाटतं.

म्हणून पहिला चांगला स्फटिक हाती आला की आधी एकक कोश मोजून घ्या आणि मूळ पदार्थांच्या छापील आकड्यांशी ताडून पाहा. अर्ध्या दिवसाचं काम आहे. कुर्ट्झ-पेरी चाचणीत तुलनेसाठी केडीपी (पोटॅशियम डायहायड्रोजन फॉस्फेट) घ्याल तेव्हा दोन्ही पुडी एकाच मापाच्या चाळणीतून काढा, कारण कण लहान-मोठे झाले की प्रकाशाची तीव्रताही बदलते.

आणि बीकर हलवू नका. पावसाळ्यात हवा दमट असते, बाष्पीभवन रेंगाळतं. तरी भोकं वाढवायचा मोह टाळा. घाईने वाढलेल्या स्फटिकात द्रावणाचे थेंब अडकतात आणि तो आतून दुधाळ दिसतो.