नागपुरात शिकायला येताना: खोली, सोबती आणि स्वयंपाकघर

मी गडचिरोली जिल्ह्यातून पदवीसाठी नागपुरात आलो, तेव्हा पहिली दोन वर्षे आमच्याच तालुक्यातील तीन मुलांसोबत राहिलो. बोली तीच, जेवण तेच आणि शनिवारी गावाची बसही तीच, त्यामुळे राहायला नागपुरात असूनही मी खरे तर गावातच राहत होतो. तिसऱ्या वर्षी एक सोबती मध्य प्रदेशातल्या बालाघाटचा, हिंदी बोलणारा आणि दुसरा नांदेडचा मिळाला, तेव्हा ही दोन वर्षे वाया गेल्याचे लक्षात आले. म्हणून नव्याने येणाऱ्यांना माझे आग्रहाने सांगणे असे आहे की, ओळखीच्या मुलांचा आधार पहिले काही महिने जरूर घ्यावा, परंतु पुढच्या वर्षाची खोली ठरवताना निदान एक सोबती दुसऱ्या भागातला, दुसऱ्या भाषेचा किंवा दुसऱ्या समाजाचा असेल, असे पाहावे.

खोली शोधताना आधी आपले महाविद्यालय नकाशावर पाहावे, कारण या शहरातील शिक्षणसंस्था एका ठिकाणी नाहीत. शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात शिकणाऱ्यांना हनुमाननगर जवळ पडते, व्हीएनआयटी या अभियांत्रिकी संस्थेच्या विद्यार्थ्यांना बजाजनगर किंवा अभ्यंकरनगर, तर एम्स थेट शहराच्या दक्षिण टोकाला, मिहानमध्ये आहे. मेट्रोच्या दोन्ही मार्गिका सीताबर्डीला एकमेकींना छेदतात, त्यामुळे स्थानकापर्यंत पायी जाता येत असेल तर थोडी लांबची, पण स्वस्त खोलीही चालते. मात्र सर्वांत वरच्या मजल्यावरची, थेट स्लॅबखालची खोली भाडे कमी आहे म्हणून घेऊ नये. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो आणि तापलेला स्लॅब रात्रभर उष्णता सोडत राहतो. कूलर बसवण्यासाठी खिडकी आहे का, त्यात भरण्यासाठी उन्हाळ्यात पुरेसे पाणी मिळते का आणि विजेचे बिल सब-मीटरप्रमाणे घेणार की ठरावीक रक्कम, हे तीन प्रश्न जून-जुलैमध्येच विचारावेत. अनामत रकमेची पावती घ्यावी आणि करारनामा स्वतः वाचूनच सही करावी.

एक गोष्ट लिहिताना आजही त्रास होतो, तरीही ती सांगितली पाहिजे. एका घरी मला खोली आवडली, भाडे ठरले आणि मग मालकांनी पूर्ण नाव विचारले. आडनाव ऐकल्यावर खोली आधीच कोणाला तरी दिल्याचे त्यांना आठवले, परंतु ‘खोली भाड्याने देणे आहे’ ही पाटी पुढचा आठवडाभर फाटकावर तशीच होती. हे तुमच्या वाट्याला आले तर आपल्यात काही कमी आहे असे क्षणभरही मानू नका आणि विनवण्या करून त्या घरात शिरू नका, कारण तिथे पुढे पाण्यापासून पाहुण्यांपर्यंत प्रत्येक गोष्टीवर बोलणी ऐकावी लागतात. जो सोबती अशा वेळी ‘मग मलाही ही खोली नको’ असे म्हणतो, त्याची मैत्री जपावी. शासकीय वसतिगृहासाठी अर्ज मुदतीत करावाच. तिथे प्रवेश मिळाला नाही, तर अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आणि आदिवासी विद्यार्थ्यांसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयं योजना आहे. त्यांतून भोजन व निवासासाठीची रक्कम विद्यार्थ्याच्या बँक खात्यात जमा होते. माझ्या ओळखीच्या कितीतरी मुलांना ही माहिती दुसऱ्या वर्षापर्यंत नव्हती.

वेगवेगळ्या घरांतली मुले एकत्र आली की पहिला खटका स्वयंपाकघरात उडतो. आमचा बालाघाटचा सोबती कांदा-लसूणही खात नसे आणि आम्हा दोघांना सावजी रस्सा प्रिय होता. आम्ही पहिल्याच दिवशी त्याची कढई आणि तवा वेगळा ठेवला, अंडी कोणत्या शेगडीवर शिजवायची ते ठरवले आणि तो वाद पुन्हा निघाला नाही. अशा गोष्टी संकोचामुळे मनात ठेवल्या, तर त्या परीक्षेच्या दिवसांत भांडण होऊन बाहेर येतात. मेस लावताना आधी दोन-चार दिवस जेवून पाहावे आणि मगच महिन्याचे पैसे भरावेत. रविवारी संध्याकाळी बहुतेक मेस बंद असतात, त्याची सोय आधीच करून ठेवावी.

भाषेविषयी बाहेरून आलेले मराठी विद्यार्थी अनेकदा नाराज होतात. ऑटोवाला हिंदीत बोलतो आणि मराठी माणूसही ‘काय करून राहिला?’ असे विचारतो, याचे त्यांना नवल वाटते. १९५६ पर्यंत हे शहर हिंदी आणि मराठी अशा दोन्ही भाषांच्या प्रांताची राजधानी होते, त्यामुळे ही सरमिसळ इथल्या माणसाला जन्मापासून मिळालेली आहे. तिला अशुद्ध ठरवू नये. भाजीवाली ‘सांबार’ म्हणाली तर ती कोथिंबीर देत आहे, एवढे शिकायला आमच्या नांदेडच्या मित्राला एक दिवस लागला. बालाघाटच्या मित्राशी मात्र आम्ही ठरवून आठवड्यातला एक दिवस फक्त मराठीत बोलायचो. शेवटच्या सत्रात तो बँकेतला अर्ज मराठीत भरू लागला.

सणांच्या दिवशी खोलीत झोपून राहू नये. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी महाल-इतवारी भागात काळ्या आणि पिवळ्या मारबतीची, म्हणजे मोठ्या पुतळ्यांची, मिरवणूक निघते, ती एकदा तरी गर्दीत उभे राहून पाहावी. दसऱ्याला दीक्षाभूमीवर लाखो लोक येतात. बाबासाहेबांनी तिथे १४ ऑक्टोबर १९५६ रोजी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली होती. त्या दिवसांत आसपासचे रस्ते वाहनांसाठी बंद असतात, म्हणून गाडी दूर ठेवून पायी जावे. कोणाचे नातेवाईक खोलीवर उतरणार असतील, तर घरमालकांना आठवडाभर आधी सांगून पाण्याची जास्तीची सोय करावी. आमच्या नांदेडच्या मित्राची आजी आणि तिच्यासोबतच्या सहा बायका त्या वर्षी आल्या. खोली त्यांना देऊन आम्ही तिघे गच्चीवर झोपलो आणि पहाटे आजीची पिशवी घेऊन बजाजनगरातून चालत दीक्षाभूमीला गेलो.