दांगग्वेईचं मटण सूप कडू होऊ न देता कसं करावं

दांगग्वेई ही चिनी औषधी मुळी. तिचं सूप कडू होण्याची कारणं दोनच: मुळी जास्त पडते, आणि ती पातेल्यात फार वेळ राहते. औषधी म्हटलं की आपला हात सैल सुटतो. त्यात इंटरनेटवर कुणीतरी 'मूळ प्रमाण' म्हणून जुना नुस्खा जसाच्या तसा टाकलेला असतो. चीनमधल्या हान काळातले, साधारण 1800 वर्षांपूर्वीचे वैद्य चांग चोंगचिंग यांचा तो नुस्खा खरा आहे: 3 ल्यांग दांगग्वेई, 5 ल्यांग आलं, 1 चिन मटण. ही जुनी चिनी वजनं: त्या काळचा ल्यांग साधारण 15 ग्रॅमचा आणि चिन 16 ल्यांगांचा, म्हणजे पाव किलो मटणाला जवळपास 45 ग्रॅम मुळी! पण ते बाळंतपणानंतरच्या पोटदुखीवरचं औषध होतं, मोजून दिवसातून तीनदा घ्यायचं. भाताबरोबर वाटीभर ओरपायला नव्हे.

घरासाठी माझं प्रमाण असं: हाडांसकट अर्धा किलो मटण, 10 ग्रॅम दांगग्वेई, 50 ग्रॅम जून आलं, दीड लिटर पाणी, दोन चमचे तांदळाची वाइन आणि मीठ. सुंठ चालणार नाही. हळद, गरम मसाला, लसूण काही नको. कोल्हापूरकडची अळणी डोळ्यांसमोर आणा आणि तिच्यातली हळदही काढून टाका.

रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, विशेषतः वॉरफरिन, चालू असतील तर हे सूप करूच नका. गरोदरपणात नको, पाळीत रक्तस्राव जास्त होत असेल तरी नको. बाळंतिणीला द्यायचं असेल तर आधी डॉक्टरांना विचारा, चिनी शेजारीण काहीही सांगो. ज्यांचं पोट लवकर सुटतं, त्यांनी अर्धी वाटीच घ्यावी.

मुळी विकत घेताना पांढऱ्याशुभ्र कापांना भुलू नका. चांगला काप पिवळसर असतो, कडेला तपकिरी साल असते आणि मधे तेलाचे बारीक तांबूस ठिपके दिसतात. तो थोडा मऊ असतो, वाकवला तर लगेच तुटत नाही. वास सेलरीसारखा, घमघमीत. ही ओव्याच्या आणि कोथिंबिरीच्याच कुळातली वनस्पती आहे, हे पाकीट उघडताच नाकाला कळतं. कान्सू प्रांतातल्या मिनश्येन भागाची मुळी नावाजलेली. ती मंद धुरावर वाळवायची पद्धत आहे, त्यामुळे हलका धुरकट वास आला तर घाबरू नका. आंबूस, नाकात झोंबणारा वास मात्र गंधकाच्या धुरीचा असतो. तो आला की पाकीट परत करा. मधला भाग लाकडासारखा टणक असेल, तर झाडाला फुलं येऊन गेल्यावर मुळी काढलेली आहे. तीही नको. इथे सिंगापूरमध्ये चिनी औषधांच्या दुकानात काप सुटे तोलून देतात. पाकिटावर 'डोंग क्वाई' लिहिलेलं असलं तरी मुळी तीच.

मटण गार पाण्यात घालून उकळी आणा, वर आलेला मळकट फेस टाका, तुकडे कोमट पाण्याने धुऊन घ्या. पातेलं स्वच्छ करा. नवीन पाणी, मटण, ठेचलेलं आलं, वाइन. उकळी फुटली की आच अगदी मंद करून झाकण ठेवा.

आता मुळीकडे या. मलाही सुरुवातीला याच टप्प्याने छळलं होतं. सगळं एकदम घालून दोन तास उकळायचा सल्ला जिकडेतिकडे मिळतो, आणि त्याने सुगंध वाफेबरोबर उडतो नि मागे कडवटपणा उरतो. मी मटण तासभर शिजल्यावरच मुळी घालते. काप नळाखाली झटकन विसळायचे. भिजत घालून ते पाणी ओतून देणारे लोक विकत घेतलेला अर्कच मोरीत सोडतात.

मुळी घातल्यावर आच वाढवायची नाही. पाणी नुसतं हललं पाहिजे, खदखदलं की झाकणाखालून वास बाहेर जातो. वीस मिनिटांनी चमचाभर चाखा. आधी गोडसर, मग तिखटसर लागेल आणि शेवटी जिभेच्या मुळाशी कडवटपणाची चाहूल लागेल. चाहूल असेल तोवर ठीक. गिळल्यावरही कडवटपणा तोंडात राहू लागला, तर घड्याळ न बघता काप बाहेर काढा. मला बहुधा चाळीस मिनिटांच्या आसपास काढावे लागतात, पण पातळ काप लवकर उतरतात. म्हणून ते मलमलीच्या पुरचुंडीत बांधून सोडा. आल्याच्या फोडींमधून एकेक काप शोधत बसाल तोवर सूप कडू झालेलं असेल.

एकदा कडू झालेलं सूप साखरेने सावरत नाही. खजूर घालून पाहिले की कडू आणि गोड असं दोन्ही लागतं. पाणी वाढवून सौम्य करा, दुसरा इलाज नाही.

कुकरचा विषय निघतोच, कारण शिट्ट्या मोजल्याशिवाय मटण शिजतं यावर आपला विश्वास नाही. मटण कुकरमध्ये शिजवा हवं तर, सूप जरा गढूळ होईल इतकंच. मुळी मात्र कुकरमध्ये घालायची नाही. बंद झाकणाआड ना चाखता येतं, ना वेळेवर काढता येतं.

काप काढले की मीठ घाला, वर तरंगणारी चरबी पळीने काढा आणि गरमच वाढा. उरलेल्या कोरड्या कापांना ओल लागली तर बुरशी धरते आणि कीडही पटकन पडते. घट्ट झाकणाच्या बाटलीत भरून फ्रिजमध्ये ठेवा, मसाल्याच्या डब्यांशेजारी नको.